बिनवासाचं दुकान

निलगिरीच्या तेलाची बाटली त्याच्या हातून पडली आणि फुटली, यात खरं म्हणजे काही विशेष नव्हतं. औषधाच्या दुकानात बाटल्या फुटायच्याच. ज्याच्या हातून कधी बाटली फुटली नाही तो औषधवालाच नव्हे, असं त्याचे वडील, नाना, म्हणायचे, आणि नानांच्या हातून तर एकदा खोकल्याच्या औषधाचं अख्खं खोकं जिन्यावरून गडगडत खाली आलं होतं आणि पुढे कितीतरी दिवस पायरीवर ठेवलेली चप्पल उचलताना चटक् असा आवाज यायचा. तेव्हा बाटलीचं काही नाही. ती फुटली, काचा उडाल्या, तेल फरशीवरून वाट काढत काउंटरखाली शिरलं, त्याने तोंडाने च्च केलं आणि तो झाडू आणायला वळला. काउंटरपलीकडे शाळेतल्या बाई उभ्या होत्या. त्यांनी रुमाल नाकाला लावला. "अगं बाई, काय हा वास! अहो दादा, आधी खिडकी उघडा!" तो हसला आणि सवयीने म्हणाला, "हल्लीच्या तेलात कसला आलाय वास, बाई. पूर्वीचं असतं तर चौकातल्या माणसाचं नाक मोकळं झालं असतं. आता सगळा पाणचट कारभार. नुसतं नावाला तेल." बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "नुसतं नावाला?" त्या म्हणाल्या. "दादा, तुम्हाला चांगलीच सर्दी झालेली दिसतेय." आणि खोकत खोकत त्या बाहेर पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या.

त्याला सर्दी नव्हती. हातात झाडू घेऊन तो तसाच उभा राहिला. मग इकडेतिकडे बघून, कुणी पाहत नाही अशी खात्री करून, तो वाकला. गुडघे टेकले. फरशीपासून वीतभर अंतरावर नाक नेलं आणि छाती भरून श्वास घेतला. डोळे चुरचुरले. नाकात आत कुठेतरी गार गार लागलं. पण वास? वास नव्हता. म्हणजे थोडा होता, अंधुक होता, असं नव्हे. नव्हताच. निलगिरीचा वास कसा असतो हे त्याला आठवत होतं. लहानपणी छातीला चोळलेली निलगिरी, रुमालावरचे दोन थेंब, सगळं आठवत होतं. पण समोर फरशीवर सांडलेल्या त्या चकचकीत ओहोळाशी त्या आठवणीचं काही नातं लागत नव्हतं. त्याने पुन्हा श्वास घेतला. पुन्हा डोळ्यांना पाणी. आतून लेकीचा आवाज आला, "बाबा, काय फोडलंत? माळ्यापर्यंत घमघमाट आलाय!" तो घाईघाईने उठला आणि उठताना त्याला काउंटरचा आधार घ्यावा लागला.

लेक तोंडाला ओढणी बांधून बादली घेऊन आली. तीही औषधवालीच, शिकून, पास होऊन, दुसरीकडे नोकरी करून कंटाळून शेवटी याच दुकानात आलेली. "आज आपल्या दारावरून जाईल त्याची सर्दी फुकटात बरी होणार," ती फरशी पुसत म्हणाली. "तुम्ही बाहेर उभे राहा जरा. डोकं कसं चढत नाही हो तुमचं?" "सवय आहे," तो म्हणाला. हा शब्द त्याच्या तोंडात नेहमी तयार असायचा. लेकीने एकदा मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा खाली बघून पुसायला लागली.

दुकानाला आता वास राहिला नाही, हे त्याचं जुनं गाऱ्हाणं होतं. गेली दोन-तीन वर्षं तो ज्याला त्याला हे सांगत आला होता. नानांच्या वेळी दाराबाहेरच वास भेटायचा. कापूर, पुदिन्याचा अर्क, लवंगेचं तेल, स्पिरिट, कार्बोलिकचा साबण आणि त्या सगळ्यांखाली नानांच्या मिश्रणाच्या खलाचा जरा तुरट, जरा मातकट वास. तो शाळेतून यायचा आणि डोळे मिटून सांगायचा की आज नानांनी काय कुटलंय. नाना खूश व्हायचे. "याचं नाक धंद्याचं आहे," असं गिऱ्हाइकांना सांगायचे, आणि गिऱ्हाइकं त्याचं नाक कौतुकाने बघायची. मग हळूहळू खल वर माळ्यावर गेला. मिश्रणं गेली. सगळं कारखान्यातून यायला लागलं, चंदेरी पाकिटात, घट्ट बंद. तेव्हा वास जाणारच की! त्याने हे घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, खरंय, हल्ली कशालाच वास नाही. औषधविक्रेत्यांच्या संमेलनात त्याला दोन शब्द बोलायला लावलं तेव्हा तो म्हणाला, "मित्रहो, आपल्या दुकानांचा वास गेला आणि त्याबरोबर आपली ओळखही गेली," आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. कितीजण येऊन हात मिळवून गेले. एकानेही म्हटलं नाही की अहो, आमच्या दुकानाला अजून येतो बरं का वास. आणि आता तो बाहेर पायरीवर उभा होता, शाळेतल्या बाई शेजारी डोळे पुसत होत्या, रस्त्यावरून जाणारा एक माणूस नाकावर हात धरून दुकानाकडे वळून बघत होता, आणि त्याला वाटलं, टाळ्या कशाच्या वाजल्या मग?

"दुपारी येते मी," बाई म्हणाल्या. "पहिला नंबर माझा लावा. शाळेत सगळ्यांना सांगून ठेवलंय, दादांच्या हातचं पहिलं इंजेक्शन मी घेणार म्हणून." "या, या," तो म्हणाला. आज दुपारी ते होतं. बाटली फुटेपर्यंत सकाळपासून त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. तापाच्या साथीची लस आता औषधांच्या दुकानात टोचायची, असं सरकारने ठरवलं आणि ज्यांनी शिकून घेतलं त्यांच्यात तो वयाने सगळ्यांत मोठा होता. स्पंजवर टोचून टोचून त्याने घरातला भांडी घासायचा एकही स्पंज धड ठेवला नव्हता. बायको म्हणायची, "तुमच्या स्पंजला आता कुठलाच रोग व्हायचा नाही." पण परीक्षेत त्याचा हात सगळ्यांत हलका ठरला. शिकवणाऱ्या नर्सबाई म्हणाल्या, "काका, तुम्ही आधीच यायला हवं होतं या कामात." तो घरी आला तो तरंगतच.

हलका हात! आयुष्यभर त्याने गिऱ्हाइकाला हात लावला नव्हता. तसा दंडकच होता. नाना त्याला काउंटरमागे उभं करताना म्हणाले होते, "एकच विचारायचं, काय हवंय. ते द्यायचं. काय होतंय, का होतंय, कुणाला होतंय, आपण विचारायचं नाही. त्याला लाज असते, आपण ती कागदात गुंडाळून द्यायची." आणि खरोखरच नाना पुडी बांधताना माणसाच्या तोंडाकडे बघायचे नाहीत. हातातल्या दोऱ्याकडे बघायचे. त्यानेही तेच केलं. त्यामुळे त्याला गावची तोंडं कमी माहीत होती आणि हात सगळे माहीत होते. काउंटरवर येणारा हात. सुजलेला, पिवळा पडलेला, नखं खाल्लेला, अंगठी सैल झालेला, चिठ्ठी चुरगाळून धरलेला. रस्त्यात कुणी हसून नमस्कार केला तर तो गोंधळायचा, आणि त्या माणसाने पिशवी या हातातून त्या हातात घेतली की मनात म्हणायचा, हां, हे रक्तदाबवाले. यात माणुसकी नव्हती असं कुणी म्हणू नये. न विचारणं हीसुद्धा एक माया असते. नानांच्या दुकानात माणूस निर्धास्त यायचा, कारण तिथे त्याला कुणी बघणार नव्हतं.

मग दिवस पालटले. दवाखान्यांतून गर्दी मावेना. डॉक्टर चिठ्ठी लिहून मान वर करीपर्यंत पुढचा माणूस खुर्चीत बसलेला. लोक चिठ्ठी घेऊन त्याच्याकडे यायचे आणि काउंटरवर कोपर टेकून विचारायचे, "दादा, हे कशाला दिलंय?" आधी तो म्हणायचा, डॉक्टरांना विचारा. मग एकदा एका म्हाताऱ्याने, मूळव्याधीचं मलम आठवडाभर गुडघ्याला चोळलेल्या म्हाताऱ्याने, शांतपणे सांगितलं, "त्यांना विचारलं तर ते म्हणतात औषधवाल्याला विचारा. तुम्ही दोघं एकदा ठरवा बघू." तो हसला होता, पण रात्रभर त्याला ते लागून राहिलं. त्यानंतर वरून परिपत्रकं यायला लागली, वर्ग सुरू झाले, रक्तदाब मोजा, साखर तपासा, बसवून समजावून सांगा. समोरच्या डॉक्टरांनी आधी नाक मुरडलं. आता तेच माणसं पाठवत होते. मागची कोठी, जिथे कापसाचे गठ्ठे असायचे, ती रिकामी करून त्याने खोली केली. एक टेबल, दोन खुर्च्या, हात धुवायचं भांडं, हिरवा पडदा. पडद्याच्या रंगावरून घरात आठवडाभर बोलणं बंद होतं. लेकीला पांढरा हवा होता, तो म्हणाला पांढऱ्याने माणूस घाबरतो. या खोलीसाठी तो कर्ज काढण्यापासून बायकोचा रुसवा काढण्यापर्यंत सगळं करून चुकला होता. "दुकान आहे की दवाखाना?" असं तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "दोन्ही नाही. मधलं आहे काहीतरी. त्याला अजून नाव पडायचंय."

आणि त्या खोलीत पहिल्यांदा खुर्चीत बसला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपल्याला बसता येत नाही. इतकी वर्षं उभं राहून काढली. उभं असताना हातांना काम असतं. काढा, ठेवा, मोजा, कापा, गुंडाळा. बसल्यावर समोरचा माणूस बोलतो आणि आपण नुसतं ऐकायचं, तेव्हा या हातांचं करायचं काय? ते मांडीवर पडून राहायचे. आणि पडल्या पडल्या उजव्या हाताचा अंगठा शेजारच्या बोटावर फिरायला लागायचा. हळूहळू, एका लयीत. लेकीच्या ते पहिल्यांदा ध्यानात आलं. "आजोबांच्या गोळ्या वळताय की काय?" ती हसून म्हणाली होती. त्यालाही हसू आलं, आणि बरं वाटलं. नाना गोळ्या वळायचे, अगदी असंच. खलातला ओला गोळा घेऊन त्याची लांब दोरी करायची, दोरीचे सारखे तुकडे पाडायचे, आणि मग अंगठा आणि बोट यांच्यात एकेक तुकडा फिरवून गोल गोळी. बोलता बोलता, गिऱ्हाइकाकडे न बघता. त्याने शाळेतून येऊन शेजारी बसून शेकडो वळल्या होत्या. तेव्हा रक्तातच आहे ते, आता हात रिकामे झाले म्हणून वर आलंय, असं तो म्हणाला. बायकोनेही पाहिलं, जेवून उठल्यावर पेपर वाचताना. "नाना बसल्यासारखे वाटतात," ती म्हणाली होती. त्या दिवशी तिचा आवाज जरा ओला झाला होता. नाना तिचे लाडके होते.

पडदा सरकवून तो खोलीत आला तेव्हा टेलरमास्तर आधीच येऊन बसले होते. चौकापलीकडे त्यांचं दुकान होतं. कोट शिवावा तर मास्तरांनी, असं लोक म्हणायचे. आता कात्री मुलाच्या हातात होती आणि मास्तरांचे दोन्ही हात मांडीवर थरथरत होते. त्यांना कंपवात होऊन बरीच वर्षं झाली होती. दर महिन्याला तो थरथरणारा हात काउंटरवर यायचा आणि हा गोळ्या मुद्दाम बंदाच्या पिशवीत घालून द्यायचा, म्हणजे बोटं अडकवता यावीत. त्या पिशवीपलीकडे दोघांत कधी बोलणं झालं नव्हतं. आज मास्तर घरातली सगळी औषधं घेऊन आले होते. कुठली कशाच्या आधी, कुठली कशाच्या नंतर, ते नीट लावून घ्यायला.

"दुकानात काय युद्ध झालंय?" मास्तर म्हणाले. "सून आत यायला तयार नाही. नाक धरून बाहेर उभी आहे."

"बाटली फुटली. तुम्हाला त्रास होत नाही ना?"

"मला कसला त्रास?" मास्तर म्हणाले. "मला काय कळतंय?"

त्याने ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. औषधं टेबलावर मांडली. जेवणाआधी की नंतर, सकाळची कधी चुकते का, झोप लागते का, पोट साफ होतं का. वर्गात शिकवल्याप्रमाणे सगळं विचारलं. शिकवणाऱ्यांनी आणखी एक सांगितलं होतं की माणसाला पहिल्यापासून सांगू द्या, मधून तोडू नका. म्हणून औषधं परत पिशवीत भरता भरता, फारसा विचार न करता त्याने विचारलं, "आणि मास्तर, हे सुरू कसं झालं?"

मास्तरांनी मान वर केली. मग म्हणाले, "गंमत बघा. आता कसं आहे, हे सगळे विचारतात. सुरू कसं झालं, हे कुणी विचारलंच नव्हतं." त्यांनी जरा सावरून घेतलं. "कात्रीपासून झालं. कात्री बोथट वाटायला लागली. धार लावून आणली, तरी तेच. धारवाल्याशी कडाक्याचं भांडलो, बिचाऱ्याशी. नवी घेतली. तीही तशीच. म्हटलं, हल्ली लोखंडच असलं येतं. माप लिहायचो ते अक्षर मुंगीएवढं व्हायला लागलं. मुलगा म्हणायचा, बाबा कागद वाचवताय का? मी म्हटलं, हो, महागाई आहे. आणि त्याच्याही आधी... हसणार नसाल तर सांगतो."

"सांगा की."

"एका गिऱ्हाइकाचा कोट जाळला मी. इस्त्री ठेवून त्याच्याशी बोलत उभा. तो म्हणतो, मास्तर, जळतंय! मी म्हणतो, कुठे? अहो, समोर धूर निघतोय आणि मला वासच नाही. आणि तोंड वर करून त्याला काय सांगितलं असेल? लोकर चांगली असली ना साहेब, की जळताना वास मारत नाही." मास्तर हसले. हसताना त्यांचे खांदे हलले, चेहरा मात्र फारसा हलला नाही. "लोकरीचा जळका वास! चार घरं सोडून कळतो तो. हे मला माहीत नाही? सगळी हयात लोकरीत गेली. पण तोंडातून निघून गेलं खरं. आपल्यात काही बिघडलंय असं माणूस पहिल्या झटक्यात म्हणतच नाही हो. आधी कात्री, मग लोखंड, मग लोकर, मग जमाना."

खाली न बघता त्याला कळलं की मांडीवरचा आपला अंगठा फिरतोय. तो थांबव, असं त्याने हाताला मनातल्या मनात सांगितलं. अंगठा फिरत राहिला. त्याने डावा हात उजव्यावर ठेवला. मास्तर पाहत होते. ज्या माणसाने आयुष्यभर नुसत्या नजरेने खांदे मोजले त्याच्यापासून काय लपणार?

"आमच्या धंद्यात एक रीत आहे," मास्तर सावकाश म्हणाले. "माप घेताना गिऱ्हाइकाचा एक खांदा उतरलेला दिसला तर तसं सांगायचं नाही. वाईट वाटतं माणसाला. आपण गुपचूप त्या बाजूला अस्तर जाड घालायचं. कोट घातला की दोन्ही खांदे सारखे. गिऱ्हाईक खूश, आपण खूश." त्यांनी त्याच्या झाकलेल्या हाताकडे पाहिलं. "आज तुम्ही विचारलंत, म्हणून मीही विचारतो. हाताचं कधीपासून आहे?"

"ही सवय आहे मास्तर," तो म्हणाला. "आमचे नाना गोळ्या वळायचे. त्यांच्याजवळ बसून बसून..."

"हो," मास्तर म्हणाले. "आणि माझी लोकर चांगली होती."

मास्तरांनी आपला हात उचलून त्याच्या हातांवर ठेवला. काउंटरवर कितीदा पाहिलेला हात, पण त्याचा ऊबदारपणा त्याला माहीत नव्हता. क्षणभर कुणाचा हात थरथरतोय ते दोघांनाही कळलं नसतं. मग मास्तरांनी पिशवीच्या बंदात बोटं अडकवली आणि ते तुरुतुरु, जरा पुढे झुकून, पडद्याबाहेर गेले.

तो बसून राहिला. आता सगळं एकामागून एक यायला लागलं. बाटल्यांवरच्या छोट्या चिकटपट्ट्यांवर लिहिता लिहिता आपलं अक्षर बारीक झालं, असं तो म्हणत असे. पण बायकोला लिहून दिलेली वाण्याची यादी तर मोठ्या कागदावर होती आणि तीही ती चष्मा लावून वाचायची. चालताना लेक दहा पावलं पुढे जाऊन थांबायची, "बाबा, वरातीत चाललाय का?" म्हणायची. तो म्हणायचा, हल्ली रस्त्याला गर्दी फार. परवा बायको म्हणाली, तुम्ही रागावलाय का, चेहरा असा का? तो मुळीच रागावला नव्हता. काळ बदलला, धंदा बदलला, औषधं बदलली, हे तो इतक्या तळमळीने सगळ्यांना सांगत आला, आणि ते खोटंही नव्हतं. सगळं बदललं होतं. पण त्या सगळ्या बदलाआड एक छोटासा बदल बिनबोभाट चालू होता, त्याच्या स्वतःच्या अंगात, आणि त्याला त्याने धंद्याच्या खात्यावर घालून टाकलं होतं. दुसऱ्या कुठल्या धंद्यातला माणूस असता तर अंगठा फिरताना बघून घाबरला तरी असता. याला वाटलं, नाना आले. किती मायेने वाटलं होतं! आता त्या मायेचाच त्याला राग आला, आणि मग नानांची आठवण येऊन रडूच फुटेल असं झालं.

भीती त्याला वाटली, आणि ती त्याने नाकारली नाही. तो हा आजार ओळखून होता. त्याच्या गोळ्या कुठल्या फळीवर आहेत, पुढे कुठल्या वाढतात, हे डोळे मिटून सांगेल इतका ओळखून होता. अर्थात डॉक्टरांनी बघितल्याशिवाय काही म्हणता येत नाही, हे तो पडद्याआड बसून दिवसातून कितीदा तरी लोकांना सांगायचा. पण आत्ता त्याला भीती आजाराची वाटत होती त्याहून खोलीची जास्त वाटत होती. ही खोली आत्ता कुठे मिळाली. उभ्या जन्मात पहिल्यांदा तो माणसांच्या तोंडाकडे बघायला शिकत होता. बोललो तर हातातली सुई जाईल. कदाचित जाणार नाही. पण लोक त्या हाताकडे बघतील, लेक बघेल. आणि नाही बोललो तर? त्याने उजवा हात समोर धरला आणि टेबलावरचं पेन उचललं. अंगठा तत्क्षणी थांबला. हात कसा, दगडासारखा स्थिर. पेन ठेवलं, हात मांडीवर आणला. जरा वेळाने अंगठा पुन्हा निघाला. हात कामात असला की शहाणा आणि रिकामा पडला की मोकाट. म्हणजे सुई धरलेला हात कुणालाही थरथरताना दिसणार नव्हता, इतक्यात तरी नाही. वर्ष जाईल, दोन जातील. खिशात हात घालून बसायचं. खिसे असलेला पांढरा कोट तर या खोलीसाठी नवा शिवलाच होता, मास्तरांच्याच दुकानात. अस्तर जाड घालायला कुणाची हरकत होती?

दुपारी बाहेर माणसं जमली. बाकावर, पायरीवर, फुटपाथवर. निलगिरीबद्दल आलेला जो तो काहीतरी बोलत होता. एकजण म्हणाला, लस घ्यायची गरजच काय, इथे नुसतं बसलं तरी पुरे. हशा पिकला. शाळेतल्या बाई बाही वर करून सगळ्यांत पुढे होत्या. त्याने पडद्याच्या फटीतून पाहिलं. ओळखीचे हात होते सगळे, आणि त्यांच्यावर आता तोंडं होती. ते उगाचच एकमेकांशी मोठ्याने बोलत होते, म्हणजे घाबरले होते. आणि तरी आले होते. दादांच्या हातचं म्हणून आले होते. त्यांना आत बसवून तो विचारणार होता, कुठला आजार आहे का, काही लपवू नका हं, छोटंसं असलं तरी सांगा. हे वाक्य त्याने आरशासमोर म्हणून म्हणून पाठ केलं होतं. ते आज त्याच्या तोंडातून निघेल का, हे त्याने मनाशी म्हणून पाहिलं. ‘काही लपवू नका’शी आला आणि त्याने पडद्याची फट मिटवली.

आत लेक ट्रे लावत होती. कापूस, सुया, बर्फाची पेटी. तिची पाठ त्याच्याकडे होती. तो टेबलाला वळसा घालून गेला आणि पलीकडच्या, पडद्याजवळच्या खुर्चीत बसला. त्या खुर्चीत तो कधी बसला नव्हता. तिथून टेबल बरंच मोठं दिसत होतं.

"बाईंना घेऊ आत?" लेकीने न वळता विचारलं.

"थोडं थांबायला सांग."

"का? काय हवंय?" ती वळली आणि त्याला त्या खुर्चीत बघून हसली. "बाबा, तुमची इकडची खुर्ची."

"आज इंजेक्शनं तू दे," तो म्हणाला. "पण आधी बस. आणि काय हवंय असं नको विचारूस. इथे बसलेल्याला विचारतात तसं विचार."

लेकीचं हसू मावळलं. हातातला कापूस तिने ट्रेमध्ये ठेवला, हात धुतले, पुसले. या सगळ्याला तिने इतका वेळ लावला की त्याला कळलं, ही नुसते हात धूत नाहीये. ती त्याच्या खुर्चीत येऊन बसली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते, आणि ते निलगिरीने नव्हते.

"कधीची विचारू विचारू म्हणतेय," ती म्हणाली. "गोळ्या वळताय का म्हणून हसले ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी माझ्या डोक्यात आलं होतं. पण आपल्याकडे विचारायचं नसतं ना."

"आता असतं," तो म्हणाला.

बाहेर बाईंचा आवाज आला, "दादा, सर्दी बरी झाली का?" आणि कुणीतरी हसलं. लेकीने उठून पडदा पूर्ण ओढून घेतला आणि पुन्हा बसली. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, सरळ. नानांनी कुणाकडे पाहिलं नव्हतं आणि त्याने आत्ता आत्ता पाहायला सुरुवात केली होती, तसं.

"काय होतंय, बाबा?"

त्याने कोटाच्या खिशातून उजवा हात बाहेर काढला आणि टेबलावर, तिच्यासमोर ठेवला. अंगठा फिरायला लागला. त्याने तो फिरू दिला.

"वास येत नाही," तो म्हणाला.